आखाजीची पाहुणी

मृणालनं तिकीट रद्द केलं आणि त्याच्या बदल्यात टीव्ही पाठवला. गल्लीत मी हे असं सांगितलं नाही. गल्लीत सांगितलं, लेकीनं आईसाठी काचेचा टीव्ही घेतला, सगळ्या बुऱ्हाणपुरात असा दुसरा नसेल. तिकिटाचं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. आमच्या शनवारा मोहल्ल्यातल्या बायकांच्या हाती एक धागा लागला की अख्खं लुगडं त्या स्वतः विणून काढतात.

मृणाल माझी एकुलती एक लेक. नवऱ्याबरोबर डब्लिनला असते. जावई श्रीकांत चांगला आहे, कमी बोलतो, त्यामुळे आमचं पटतं. ती यायची होती आखाजीला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्याकडे तो सासरी गेलेल्या लेकींचा सण. लेक माहेरी येते, झोक्यावर बसते, पुरणाचे मांडे आणि आंब्याचा रस खाते. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, पान वाढतात. लेकींचा आणि पितरांचा मान एकाच दिवशी. हे ज्यानं ठरवलं त्याला माणसांची फार जाण असावी, नाहीतर अजिबात नसावी.

आमच्याकडे लेक आपल्या पायानं माहेरी येत नाही. तिला आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. भाऊ असला तर भाऊ जातो. मृणालला भाऊ नाही, म्हणून तिचा बापच तिचा मुऱ्हाळी. माझे यजमान, निरंजन, रेल्वेत बुकिंगच्या खिडकीवर होते. मृणाल इंदूरला होती तेव्हा ते इंदूरला जायचे. ती डब्लिनला गेली तेव्हा मुंबईच्या विमानतळावर जायला लागले. आणि नुसते जात नसत, हातात पुठ्ठ्याची पाटी धरून उभे राहत. पाटीवर मोठ्या अक्षरात, 'आखाजीची पाहुणी'. मी म्हणायचे, अहो, स्वतःच्या पोरीला ओळखायला पाटी कशाला? तर म्हणायचे, "पाहुणी आहे ना ती? मग मान नको का?" मृणाल बाहेर यायची, पाटी वाचायची आणि ओळख नसल्यासारखं विचारायची, "काका, बुऱ्हाणपूरची गाडी कुठं लागते?" मग दोघं तिथंच, लोकांच्या वाटेत उभे राहून हसत सुटायचे.

हे सगळं मी ऐकलेलं. मी कधी गेले नाही. मी गेले तर पुरण कोण वाटणार, कुरडया कोण तळणार? रेल्वेवाल्याची बायको मी, पण आयुष्यात स्वतःच्या हातानं एक तिकीट काढलं नाही आणि खंडव्याहून लांब कधी एकटी गेले नाही.

निरंजन गेले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हा मृणाल आली, तेराव्यापर्यंत राहिली आणि गेली ती गेलीच. गेल्या आखाजीला तिकीट काढलं, रद्द केलं. ऑफिसात काम निघालं. या आखाजीला पुन्हा काढलं, पुन्हा रद्द केलं. ऑफिसात काम निघालं. मी शाळेत गणित शिकवलं आहे. दोन वह्यांत शब्दाला शब्द सारखं उत्तर आलं की मला कॉपीचा वास येतो. पण मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं खरं कारण सांगितलं असतं, आणि 'आता तिथं माझं कोण आहे' असं काहीतरी ते असलं तर मी काय करणार होते? लेक येणार की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. का येत नाही ते कळायची मला भीती वाटत होती.

तर टीव्ही. तो घेऊन इंदूरच्या दुकानातून पंकज नावाचा फिटर आला. टक्कल पडलेला, कमरेला हत्यारांचा पट्टा, बोलायला एकदम मोकळा. खोक्यातून त्यानं काढली ती खिडकीच्या तावदानासारखी उभी काच, माणसाएवढी उंच. खाली जाड पट्टी, वर हरभऱ्याएवढा कॅमेरा. बंद असली की आरपार दिसायचं.

"होलोग्राम है काकू, होलोग्राम," पंकज म्हणाला. "टीव्ही बोलू नका याला. माणूस खोलीत येऊन बसल्यासारखा दिसतो."

मृणाल फोनवरून सूचना देत होती. तिचं उंटावरून शेळ्या हाकणं मला काही नवीन नाही. "आई, मधल्या खोलीतच लाव. झोक्याच्या पुढं. मी इकडं खुर्चीवर बसले की तुला झोक्यावर बसलेली दिसेन."

मधल्या खोलीत आमचा लाकडी पाटाचा झोका बारमाही टांगलेला असतो. प्लगही तिथंच, त्याच कोपऱ्यात. पंकजनं प्लगपर्यंत जायला कपाट सरकवलं, तेव्हा मागून एक पुठ्ठा घसरून खाली पडला. निरंजननी पाटी तिथं ठेवली होती, धूळ बसू नये म्हणून भिंतीकडं तोंड करून.

"काकू, हा पुठ्ठा फेकून देऊ?"

"ठेव खाली तो!"

या आवाजाला एके काळी अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा. पंकजनं दोन्ही हातांनी पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवला आणि पुढचा अर्धा तास तो फक्त मशीनशी बोलला.

निघताना मात्र त्यानं महत्त्वाची गोष्ट सांगितली. "काळा रंग यात दिसत नाही काकू. काला मतलब आरपार. दीदीला सांगा, सफेद कपडे घाला. सफेद एकदम सॉलिड दिसतं. आणि खोलीत अंधार ठेवा, परदे लावून."

पडदे लावले. संध्याकाळी मृणाल आली. आली म्हणजे काय ते मला अजून नीट सांगता येत नाही. पांढरा कुर्ता घालून ती झोक्यावर बसली होती. एवढी खरी, की मी पदरानं तोंड पुसलं आणि पाणी आणायला वळले. मग वळता वळता थांबले. पाणी कुणाला देणार?

जवळून पाहिलं तेव्हा एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. तिच्या मागचं तिचं घर त्या यंत्रानं पुसून टाकलेलं. तिची भिंत कुठल्या रंगाची, खिडकीत काय ठेवलंय, काही कळत नव्हतं. कात्रीनं कापून काढावं तशी एकटी मृणाल. आणि तिचे केस काळेभोर, माझ्यावर गेलेले, त्यांतून मागच्या झोक्याची साखळी दिसत होती. डोळ्यांच्या बुबुळांतून भिंतीचा चुना दिसत होता. लेकीच्या डोळ्यांतून मला माझीच भिंत दिसत होती.

"कशी दिसते मी?" तिनं विचारलं.

"छान."

"आई, झोका दे ना मला! दे, दे, गंमत बघू."

मी काचेच्या कडेनं मागं हात घातला आणि पाट ढकलला. पाट मागं गेला, साखळ्या कुरकुरल्या, पाट पुढं आला. मृणाल जागच्या जागी. पाट तिच्या खालून जात होता, येत होता, आणि ती तिथंच अधांतरी बसून हसत होती. तिला तिकडून फक्त खोली आणि मी दिसत होते. स्वतःखालचा झोका निघून गेलाय, हे तिला ठाऊकच नव्हतं. मी हातानं पाट थांबवला. पुन्हा काही मी झोका दिला नाही, तिनं मागूनही.

पहिले काही दिवस गल्ली लोटली. नव्याचे नऊ दिवस. शेजारची रश्मी तिच्या सासूला घेऊन आली, ती सासू काचेमागं जाऊन हात फिरवून आली, कुणीतरी दराब्याच्या मिठाईचा डबा आणला. मालिकेतली सून रडत रडत माझ्या झोक्यापाशी यायची आणि तिच्या पोटातून माझं पाण्याचं मडकं दिसायचं. बायका हसून बेजार. मग पापड-कुरडयांचे दिवस आले, सगळ्या आपापल्या गच्चीवर गेल्या आणि मी काचेपुढं एकटी राहिले. दुपारी पलीकडच्या गल्लीतले माग खडखडत असायचे, बाहेर ऊन पेटलेलं, आत मी पडदे लावून बसलेली. बातम्या देणाऱ्याला मी "आलास का?" म्हणायला लागले. पाककृती सांगणाऱ्या बाईशी मीठ किती घालायचं यावरून भांडले. जेवायला बसले की रिमोट दाबायचा, कुणीतरी समोर यायचं. जेवण झालं की रिमोट दाबायचा, सगळे एका क्षणात जायचे आणि खोली होती तशी. त्या क्षणाला मला फार एकटं वाटायचं. टीव्ही नव्हता तेव्हा एवढं वाटत नव्हतं.

आखाजीला मृणाल येणार होती, म्हणजे काचेत. आपल्याकडे दुपार, तिच्याकडे सकाळ. "मी येतेच आहे ना आई," ती म्हणाली. दुधाची तहान ताकावर भागवायची, दुसरं काय. तरी मी पुरण शिजवलं, रस काढला, कुरडया तळल्या. सवय कुठं जाते?

घागरीची जागा आमच्याकडे ठरलेली, मधल्या खोलीत झोक्याजवळचा कोपरा. सासऱ्यांच्या आधीपासून तिथंच. निरंजनही घागर तिथंच भरायचे. मी लाल घागर मांडली, पाणी भरलं, वर छोटं मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि दोन आंबे. सूत गुंडाळलं, पान वाढलं. एकदा मांडलेली घागर दिवस मावळेपर्यंत हलवत नाहीत. आणि हा कोपरा नेमका काचेच्या मागं येत होता, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. मला वाटलं, बरंच आहे. बाप आणि लेक जवळजवळ बसतील.

मग मी आणखी एक ताट वाढलं आणि काचेपुढं पाटावर ठेवलं. ते मृणालचं. ती खाणार नव्हती, पण आखाजीला लेकीचं पान नाही असं या घरात कधी झालं नव्हतं.

एक पान काचेमागं निरंजनचं, एक पान काचेपुढं मृणालचं. त्या वेळी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. भूमितीत सुद्धा पोरं अशीच चुकतात. स्वतःच्या जागेवरून आकृती बरोबर दिसते.

मृणाल आली. पांढरा कुर्ता, केस नुकतेच धुतलेले. मी कॅमेऱ्यापुढं आरसा धरून तिला मागची घागर दाखवली.  ती उभी राहिली, हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. घागरीपाशी लावलेल्या दिव्यानं पांढऱ्या कुर्त्यातूनही घागर तिच्या पोटात लाल दिसत होती. मी आरसा ठेवला आणि आगारीसाठी, म्हणजे पितरांचा घास टाकायचा त्यासाठी, विस्तव आणायला आत गेले.

त्याच वेळी मालूबाई आल्या.

मालूबाई माझी चुलत नणंद, बहादरपुरात दिलेली. केळीचं मोठं शेत, घरात माणसांचा मोठा बारदाना. दर आखाजीला निरंजन सकाळी स्कूटर काढून त्यांना आणायला जायचे. आता त्या आपल्या आपण टमटमनं येतात. त्यांनी काचेच्या टीव्हीविषयी ऐकलं होतं, पाहिला नव्हता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. भर उन्हातून त्या अंधाऱ्या खोलीत आल्या, हातात मांड्यांचं फडक्यात बांधलेलं गाठोडं. आणि त्यांना काय दिसलं? भरलेली घागर. वाढलेलं पान. आणि घागरीवर उभी, पांढऱ्या कपड्यात, हात जोडलेली, डोळे मिटलेली, अर्धी आरपार मृणाल.

गाठोडं पडल्याचा आवाज मी आतून ऐकला. मग टाहो ऐकला.

"अवं माय वं! पोर बी गेली का वं! वैनी, मले सांगावा बी नाही धाडला वं!"

मी विस्तवाचा चिमटा तसाच हातात घेऊन धावले. मालूबाई पाटापुढं गुडघ्यांवर बसून छाती पिटत होत्या. आमच्याकडे बायका मेलेल्याशी बोलत रडतात, आणि मालूबाईंएवढं कुणाला रडता येत नाही. निरंजन गेले तेव्हा त्यांच्या रडण्यानं पुरुषसुद्धा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले होते.

"बाप गेला, त्याच्या मांगे तू बी गेली का वं माही माय! बाप होता तं तुले आनाले जायचा वं! आता तुले आनाले कोन जाईन वं? एवढ्या लांबून तू एकटी कशी येशीन वं बाई!"

मला ओरडायचं होतं, अहो मालूताई, जिवंत आहे ती! एवढं एकच वाक्य. वर्गात मी याहून अवघड वाक्यं खडू मोडेपर्यंत बोलले आहे. पण तोंडून शब्द फुटेना.  मी दारात उभी राहून माझ्या जिवंत लेकीच्या नावानं रडायला लागले. दोन वर्षं मी तेच करत होते, पण तोपर्यंत त्याला आवाज नव्हता.

मृणालनं डोळे उघडले. "आत्या..."

मालूबाई जागच्या जागी मागं कलंडल्या आणि त्यांनी माझा पाय धरला. "बोलली वं! बोलली!"

"जिवंत आहे हो!" आता माझा आवाज फुटला. "डब्लिनला आहे. हा टीव्ही आहे, काचेचा!"

मालूबाईंनी काचेला बोट लावलं. मग काचेच्या मागं हात घालून पाहिला. तिथं झोक्याचा पाट होता आणि घागर होती. त्यांनी हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

मला वाटलं होतं मृणाल हसेल. अशी गंमत तिच्या बापानं वर्षभर पुरवली असती. पण ती हसत नव्हती. तिनं खाली बसून चेहरा अगदी जवळ आणला, आणि काचेत तिचा चेहरा केवढा तरी मोठा झाला.

"आत्या बरोबर बोलली, आई. मला आणायला कोण येणार?"

"म्हणजे?"

"ऑफिसात काही काम नव्हतं. दोन्ही वेळा नव्हतं. बॅग भरली होती मी. पण मग ते विमानतळाचं दार डोळ्यांपुढं येतं. बाहेर सगळ्यांची माणसं उभी असतात, आणि बाबा नसणार. आणि जोवर मी त्या दारातून बाहेर येत नाही ना, तोवर..." ती थांबली. "तोवर मला वाटतं, ते तिथं पाटी घेऊन उभे आहेत. मी आले की नसतील."

मी तिथंच खाली बसले, मालूबाईंच्या शेजारी. दोन वर्षं मी मनात कारणं मांडत होते. आईचा कंटाळा आला असेल. तिकडं मन रमलं असेल. इथं काय आहे आता, म्हणत असेल. एकही बरोबर निघालं नाही. या घरात मी एकटीच मागं राहिले असं मी धरून चालले होते, आणि ही तिकडं समुद्रापलीकडं त्याच माणसाची वाट बघत बसली होती.

"मी येते," मी म्हणाले.

"कुठं?"

"मुंबईला. विमानतळावर. तू तारीख सांग, मी येऊन उभी राहते."

"तू? आई, तू एकटी खंडव्याहून लांब..."

"खंडव्याएवढं लांब गेलं की रूळ संपतात का?"

मृणालनं तोंड उघडलं. त्या काचेत शब्द थोडे उशिरा पोचतात. तेवढ्यात मालूबाई भानावर आल्या आणि त्यांनी माझा दंड धरून मला हलवलं.

"वैनी, तुले काही कयते का नाही? जित्त्या पोरीले घागरीपाशी उभं करतेत का? तिच्या पुढं पान वाढतेत का? बंद कर ते आधी! बंद कर!"

मी शकुन-अपशकुन मानत नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला रस्ता देते आणि पुढं जाते. पण तेव्हा काचेकडं पाहिलं, आणि मालूबाईंना जे दिसलं होतं ते मला दिसलं. माझ्या मुलीच्या छातीच्या जागी पितरांची घागर. मी झडप घालून प्लग उपटला.

मृणाल गेली. तोंड उघडं होतं, तशीच गेली. काचेपलीकडं झोका, घागर, डांगर, आंबे. ती काय म्हणत होती ते मला ऐकू आलं नाही.

पुन्हा लावायची सोय नव्हती. वायर दुसऱ्या खोलीत पोचत नव्हती, आणि घागर दिवस मावळेपर्यंत हलणार नव्हती. मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. फोन केला असता तर ती म्हणाली असती, नको आई, उन्हाचं कुठं येतेस, तुझी तब्येत बघ. तसं तिनं म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं. मला माझा स्वभाव माहीत आहे. वरून तोफ, आतून भुसा.

मग आम्ही दोघींनी राहिलेलं उरकलं. विस्तवावर तूप सोडलं, पुरणाचा घास टाकला, निरंजनचं नाव घेतलं, त्यांच्या वडिलांचं घेतलं, आजोबांचं घेतलं. मालूबाईंनी मृणालचं ताट स्वतः उचललं, काचेपासून दूर नेलं आणि स्वयंपाकघरात गेल्यावर मला म्हणाल्या, "हे आता मी खाते. लेकीचंच पान आहे ना? मी बी या घरची लेकच आहे."

आम्ही जेवायला बसलो. पडलेल्या गाठोड्यातले मांडे मोडले होते, पण चवीला बहादरपूरचेच होते. मालूबाई रसात मांडा बुडवत होत्या आणि माझ्याकडं न बघता बोलत होत्या.

"भाऊ स्कूटर घेऊन यायचा ना, तं मी आधीच तयार होऊन वट्ट्यावर बसायची. आता टमटमनं येते. तुह्या दारापाशी उतरली की रडू येते मले. मंग तोंड पुसते अन् आत येते. तू म्हनते, ऊन लागलं का मालूताई? मी म्हनते, हो, लई ऊन हाय."

मी त्यांच्या ताटात आणखी रस वाढला. गेल्या वर्षी मी त्यांना खरंच तसं विचारलं होतं, आणि कांद्याची फोड दिली होती हुंगायला.

"पुढच्या वर्षी मी येईन तुम्हाला आणायला," मी म्हणाले. "स्कूटर येत नाही मला. टमटमनंच येईन."

"ये," त्या म्हणाल्या. "वट्ट्यावर बसीन मी."

फोन ओट्यावर होता. तो वाजला तेव्हा माझे हात रसानं भरलेले होते. धुवायला नळ सोडला तर पाणी गेलेलं. शेवटी मालूबाईंनी फोन माझ्या डोळ्यांपुढं धरला आणि मी वाचलं. मृणालनं लिहिलं होतं, "काय बोलले ते ऐकू आलं नसेल तुला. मी म्हणाले, ये. मी तिकीट काढते. पण पाटी आणशील ना?"

मी पुन्हा वाचलं आणि मालूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं.  उठून फडक्यानं त्यांनी माझे हात पुसले, लहान पोराचे पुसावेत तसे, बोटांच्या बेचक्यांतून.

पाटी पंकजनं ठेवली होती तिथंच भिंतीला टेकून होती. मी ती उचलली. एक कोपरा दुमडलेला, शाई जरा उडालेली, पण निरंजनचं अक्षर ठसठशीत, बुकिंगच्या खिडकीवर गाड्यांच्या वेळा लिहायचे तसं. ती कशी धरायची ते मला माहीत नव्हतं. छातीशी धरायची की डोक्यावर? ते कसे उभे राहायचे, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

मी पडदा बाजूला केला. उजेड आत आला. बंद काचेसमोर जाऊन उभी राहिले तर काचेत मी पुसटशी दिसत होते, पिकलेल्या केसांची एक बाई, मागं झोका आणि घागर. मी पाटी छातीशी धरली. काचेतल्या बाईनंही धरली. फार एकटी दिसत होती ती, खरं सांगते. तिच्या शेजारी उभं राहायला कुणीतरी हवं होतं.

मागून मालूबाई आल्या. उचललेलं ताट त्यांच्या हातात होतं. त्यांनी मान वाकडी करून काचेत पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"वर धर वैनी," त्या म्हणाल्या. "लई गर्दी राहते तठी. पोरीले दिसाले पाहिजे."